उपटील तिची पऱ्हाटी

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात जे वाळकं झाड उभं राहतं, त्याला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. ते मुळासकट काढलं नाही तर नांगरट होत नाही, आणि नांगरट पाडव्याच्या आसपास व्हायलाच पाहिजे. आमच्या गावात पऱ्हाट्या उपटायची मजुरी कुणी देत नसे आणि कुणी मागतही नसे. ज्या बाईनं उपटल्या, तिच्या पऱ्हाट्या. तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून घरी न्यायच्या आणि भिंतीच्या कडेनं रचून ठेवायच्या. शेतकऱ्याचं रान मोकळं, तिचं वर्षाचं जळण घरात. ‘उपटील तिची’ एवढं म्हटलं की सौदा झाला, त्यासाठी कधी कागद लागला नाही की साक्षीदार.

कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणारं आमचं गाव. ओढ्याकडच्या आमच्या रानातल्या पऱ्हाट्या एकच बाई उपटायची, तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी शाळेत जायला लागले होते. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मागं रानात जायचे. तिच्याजवळ लांब दांड्याचा लोखंडी चिमटा होता. बुडाशी खोड धरायचं, दांड्यावर अंग टाकायचं, की झाड मुळासकट बाहेर. मी दांड्याला लोंबकळायचे आणि मला वाटायचं माझ्याच जोरानं निघालं. मावशी म्हणायची, “वजन वाढीव माय, मंग ये.”

तिचं घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत धूर. पऱ्हाटी भडकन पेटते, पण ओलसर असली तर डोळे फोडते. मावशीचे डोळे बारा महिने लाल असायचे आणि खोकला कायमचा. तेव्हा सरकारची धूर न होणाऱ्या चुलीची योजना आली होती. माणसं आली, चूल लिंपली, छपरातून पाइप काढला, मावशीला चुलीपुढं बसवून फोटो काढला आणि गेली. चुलीचं तोंड इतकं लहान की पऱ्हाटी आत जाईना, प्रत्येक काडी मोडून घालावी लागायची. पावसाळ्याच्या आत मावशीनं ती फोडली आणि पाइप पागोळ्यांखाली लावून पावसाचं पाणी धरलं. योजनेच्या कागदावर मात्र ती चूल वर्षानुवर्षं पेटत असणार, याची मला खात्री आहे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पुढं वीसेक वर्षांनी हीच पऱ्हाटी माझ्या टेबलावर आली. मी जालन्याला बँकेत कर्ज विभागात होते. नवऱ्याची नोकरी बदनापूरला, म्हणून राहणं तिथं आणि रोज जाऊन-येऊन. देशानं हवेत धूर कमी सोडायचा, असं दिल्लीत कुणी तरी ठरवलं होतं. तिथून ते आमच्या मुख्य कार्यालयात आलं, तिथून विभागीय कार्यालयात, आणि हिवाळ्यात आमच्या शाखेत. तोवर त्याचं टार्गेट झालं होतं. पर्यावरणाच्या कर्जाच्या केसेस मार्चच्या आत दाखवा.

धोरणावर माझा राग नव्हता. जालना एमआयडीसीच्या वाऱ्याखाली ज्यांनी कपडे वाळत घातलेत, त्यांचा असूही शकत नाही. बदनापूरला जाण्याआधी आम्ही जालन्यात राहायचो, तेव्हा संध्याकाळी दोरीवरचा पांढरा सदरा झटकला की हाताला काळं लागायचं. म्हणून सरकीच्या तेलाची एक मिल बॉयलरमधला दगडी कोळसा बंद करून पऱ्हाटी जाळायला तयार आहे, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. पऱ्हाटीचा भुगा करून त्याचे ठोकळे पाडायचे, त्याला पांढरा कोळसा म्हणतात, आणि तो जाळायचा. यंत्रांसाठी बँकेचं कर्ज. शिवाय जेवढा धूर वाचला तेवढ्याचे परदेशातून पैसे, ज्यांना कार्बन क्रेडिट म्हणायचे. शाखेचे साहेब खूश होते. “मॅडम, इतकी स्वच्छ केस वर्षात आली नाही,” असं म्हणून त्यांनी मिलच्या सल्लागाराचा अहवाल माझ्यापुढं सरकवला.

तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं की पऱ्हाटी हा निरुपयोगी कचरा असून शेतकरी तो बांधावर जाळून टाकतात, त्यामुळे मिलनं तो नेल्यास कुणाचंही नुकसान नाही. माझं डोकं सणकलं. सल्लागार पुण्याचा. तो आला असेल कधी तरी एखाद्या उन्हाळ्यात, रस्त्याकडेला कुणी उरलासुरला पाचोळा पेटवलेला दिसला असेल, आणि त्यानं गाडीतूनच जिल्ह्याचा अंदाज बांधला असेल.

“साहेब, या कचऱ्यावर भाजलेल्या भाकरी मी खाल्ल्यात,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे हे जळण आहे. गावोगावच्या बायकांचं वर्षाचं जळण. मिलनं ते शेतकऱ्याकडून विकत घेतलं, तर त्यांनी चुलीत काय घालायचं?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते. फक्त त्यांना मार्च दिसत होता आणि मला मावशी. ते म्हणाले, “मॅडम, मिलला माल कोण देतं हा आपला विषय नाही.” मी म्हणाले, शिफारशीवर सही माझी आहे, म्हणजे तो माझा विषय आहे. तशी मी पहिल्यापासून तोंडाळ. सासरीही सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच रविवारी मी गावी गेले. मावशी आता म्हातारी झाली होती, पण पऱ्हाट्या अजून तीच उपटायची, सोबत दोन सुना. दारात बसून ती लसूण सोलत होती. डोळे तसेच लाल.

मी तावातावानं सांगितलं, “मावशी, मिलवाले सगळ्या पऱ्हाट्या नेऊन राह्यलेत. पैसे शेतवाल्याला देणार. पण तू भिऊ नको, मी तुझं जळण जाऊ देणार नाही.”

तिनं लसणाची पाकळी टोपलीत टाकली. “काय भाव देतेत?”

मी टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाले, “अगं, भावाचं काय घेऊन बसलीस? चूल कशी पेटवशील?”

“चुलीचं कवतिक तुला,” ती म्हणाली. “तू गॅसवर सैपाक करतीस. माझे डोळे बघ. डाक्टर म्हन्तो धूर सोड, धूर सोडून खाऊ काय? पऱ्हाटीला भाव आला आसंल तर बिलकुल इकायची. पर इकीन तर मी इकीन. उपटल्या म्या, तर माझ्याच न्हाईत का? पैशे दादाला कामून?”

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. ओढ्याकडचं रान त्याच्या नावावर.

परतीच्या एसटीत मी स्वतःवरच चिडले होते. मी निघाले होते तिची मोळी वाचवायला, आणि तिला ती मोळी कधी एकदा घराबाहेर काढीन असं झालं होतं. तिला गॅस हवा होता. तो तिच्याच पऱ्हाट्यांतून होणार होता, पण पैसे तिच्या हातात आले तरच. बदनापूर येईपर्यंत मला एवढं पक्कं कळलं की आपण यासाठी भांडायचं, आणि सोडायचं नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मिलचा मालक, सल्लागार, साहेब आणि मी. सल्लागार म्हणाला, माल देणाऱ्या प्रत्येकाचा सातबारा लागेल, म्हणजे माल कोणत्या शेतातला ते दाखवता येतं. ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांच्याकडून घेता येणार नाही. मी विचारलं, “आणि ज्यांच्याकडे सातबारा आहे, त्यांनी उपटलंच नसेल तर?” त्याला प्रश्नच समजला नाही. मी त्याला सगळा रिवाज समजावून सांगितला. तो म्हणाला, असं अहवालात बसत नाही.

मग मी दुसरी बाजू मांडली. “तुम्ही लिहिलंय की पऱ्हाटी कचरा आहे. बायकांचं जळण हातचं गेलं आणि पैसेही मिळाले नाहीत, तर त्या ओढ्याकाठच्या बाभळी तोडतील. उद्या परदेशातून तपासायला माणूस येईल. त्याला तोडलेल्या बाभळीचा एक खुंट दाखवला कुणी, तर तुमचा वाचलेला धूर कुठं दाखवाल? कोळसा वाचला आणि बाभूळ गेली, याचे पैसे कोण देणार?”

सल्लागार पेनाचं टोपण लावत-काढत बसला. मिलचा मालक मात्र व्यापारी माणूस, त्याला लगेच उमगलं. तो म्हणाला, “मॅडम, मला माल पायजे, वाळका अन् बिनमातीचा. पावती कुणाच्याबी नावानं फाडतो. फक्त शेतवाल्यानं लिहून द्यावं की माझी हरकत न्हाई. उद्या भांडण माझ्या काट्यावर नको.”

ती अट मी शिफारशीत घातली. पऱ्हाटीचे पैसे उपटणारीला, शेतवाल्याच्या संमतीनं. साहेब दोन दिवस म्हणत राहिले, वरचे विचारतील, ही ओळ काढा. मी म्हणाले, ओळ काढायची तर शिफारसही दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मार्च जवळ येत होता. ओळ राहिली.

मला वाटलं जिंकले. पण घरचं गणित मी धरलंच नव्हतं.

गावात मारुतीच्या पारावर मिलचा माणूस आला, मीही गेले. शेतवाले पारावर बसले होते, बायका पलीकडे भिंतीशी उभ्या. मी संमतीचा कागद वाचून दाखवला. मग एक म्हातारा पाटील मिशीत हसत म्हणाला, “बाई, सगळं बराबर हाय. तुह्या भावाची सही आण, मंग आमची घे.” सगळा पार हसला. दादा तिथंच बसला होता. तो उठला, धोतर झटकलं आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेला.

घरी त्यानं मला चांगलीच झाडली. “रान माझं, बियाणं माझं, फवारणीचा खर्चा माझा, अन् पऱ्हाटी तिची?”

“आजवर कुणाची होती?”

“आजवर तिला भाव नव्हता!”

तो खरं तेच बोलला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. “म्हणजे उपटायचं तिनं आणि पावती तुझी. आयत्या बिळावर नागोबा,” मी म्हणाले. वहिनी आतून म्हणाली, “हळू बोला, रस्त्यावर ऐकू जातंय.” दादाचा चेहरा लाल झाला. मग तो एकदम शांतपणे म्हणाला, “रिवाज काय हाय? उपटील त्याची. मोडायचा न्हाई ना तुला रिवाज? मंग मी सोताच उपटतो. मंग तर माझीच न्हाई का?”

रिवाजात तसं बसत होतं.

आमच्या घरी चिमटाच नव्हता. पिढ्यान् पिढ्या कपाशी लावली, पण पऱ्हाटी कुणी उपटलीच नव्हती, तर चिमटा कशाला असेल? दादानं कुंभार पिंपळगावच्या बाजारातून लोहाराकडून नवा आणला, तोही मोटारसायकलला आडवा बांधून, भर रस्त्यानं. संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं होतं. मावशीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “घिऊ द्या. पर कंबर संबाळा म्हनावं.”

पुढच्या रविवारी सकाळी तो रानात उतरला. मी बांधावर जाऊन बसले, मुद्दाम. मला तिथून कुणी हलवू शकलं नसतं. दादा अंगानं चांगला धिप्पाड, पण आयुष्यभर मजुरांवर उभा राहिलेला. त्यानं खोड धरलं आणि हिसका दिला. खोड मोडलं, मूळ जमिनीत. दुसरं धरलं, तेही मोडलं. मी म्हणाले, “हिसका देऊ नको, दांड्यावर अंग टाक.” तो म्हणाला, “तू बँकेत शिकव.” पण मग तसंच करू लागला. काही निघाली, काही मोडली. शेजारच्या रानातली माणसं काम सोडून बांधावर आली. कुणी म्हणालं, “मालक, मजुरी काय घेता?” दादानं पुढचं खोड धरलं. पाठीवरचा सदरा भिजला, हात सोलले. त्याची जिद्द बघून माझं मन एकदा हललंसुद्धा, ते मी कबूल करते.

दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीचं पहिलं खोड धरायला वाकला, तो वाकलाच राहिला.

बैलगाडीत पालथा घालून त्याला घरी आणला. पाठीला शेक, वर औषधाचा लेप, आणि बाजेवर पालथं पडून राहायचं. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. उशीत तोंड खुपसून म्हणतो, “ट्रॅक्टर लावतो. लोखंडी पास घालून मुळापासून खरडून काढतो.” मी म्हणाले, “मिलवाला मातीचा माल घेत नाही.” तो म्हणाला, “तू जा बदनापूरला.” मी गेले, पण संमतीचा कागद त्याच्या उशाशी ठेवून.

मधले दिवस मला फार जड गेले. गावातल्या एकाही शेतवाल्याची सही नव्हती. पाडवा तोंडावर आला होता. दादाची सही नाही म्हणजे कुणाचीच नाही, आणि मग पावत्या सातबाऱ्यावरच, म्हणजे शेतवाल्यांच्याच नावानं फाटणार. माझी सगळी धडपड मावशीला होतं त्याहून वाईट करून ठेवणार होती, कारण मिल आता येणारच होती, आणि ती मीच मंजूर केली होती. रात्री झोप लागत नव्हती. नवरा म्हणाला, सोडून दे. मी म्हणाले, मरेपर्यंत नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा गावी गेले. ओढ्याकडचं रान लांबूनच रिकामं दिसलं. मावशी दोन्ही सुनांना घेऊन आठवडाभर रानात होती. कुणाला विचारलं नाही, कारण कधीच विचारलं नव्हतं. दादा बाजेवरून उठू शकत नव्हता आणि वहिनीनं त्याला सांगितलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत मावशी आमच्या अंगणात आली. तिच्या डोक्यावर एक मोळी, मागं सुनांच्या डोक्यावर एकेक. तिघींनी मोळ्या ओसरीपाशी उतरवल्या. दादा ओसरीवरच बाजेवर पालथा होता. त्यानं मान उचलली.

“रान झालं दादा मोकळं,” मावशी म्हणाली. “ह्या तुमच्या.”

“माझ्या कशा?”

“दोन ओळी तुमी उपटल्त्या ना. त्या म्या येगळ्या बांधल्या, आमच्यात मिसळू देल्या न्हाईत.” ती पदरानं कपाळ पुसत थोडी थांबली. “मोडून ऱ्हायलेली खोडं बी काढली म्या. ती मातूर माझी.”

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादा किती तरी वेळ त्या तीन मोळ्यांकडे बघत राहिला. मावशी काही मागत नव्हती, उभीही राहिली नाही. सुनांना घेऊन ती चालती झाली.

ती कोपऱ्यावर वळल्यावर दादा म्हणाला, “पेन दे.”

कागदाखाली धरायला काही नव्हतं. वहिनीनं पोळपाट आणून दिला. पोळपाटावर कागद ठेवून, पालथ्याचा पालथाच, त्यानं सही केली. अक्षर वाकडं आलं. दुसऱ्या दिवशी रजा काढून मी तो कागद पारावर घेऊन गेले. म्हाताऱ्या पाटलानं सही निरखून बघितली, एकदा हसला आणि पेन मागितला. त्याच्यामागं बाकीच्यांनीही केल्या, दोन-चार जण सोडून. त्यांच्या मागं मी पुढं वर्षभर लागले होते.

कार्बन क्रेडिटचं पुढं काय झालं ते मला विचारू नका. परदेशातून काही आलं का, आलं तर कुणाच्या खिशात गेलं, मला कळलं नाही. माझी बदली झाली. मिलचा बॉयलर मात्र पऱ्हाटीवर चालला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मावशीनं पुढच्या वर्षी गॅसची शेगडी आणली. पहिले काही दिवस तिला गॅस सुरू करायची भीती वाटायची, सून काडी ओढायची आणि ती दारात उभी राहून बघायची.

पण मला आठवतो तो त्याच वर्षीचा पाडव्यानंतरचा दिवस. मिलचा काटा आणि ट्रॅक्टर पारापाशी आले होते. बायकांची रांग लागली होती. मावशी सगळ्यांत पुढं, तिच्या मोळ्यांनी निम्मी ट्रॉली भरली. काट्यावरच्या पोरानं तिचं नाव विचारून पावती फाडली. तिनं ती घडी घालून चोळीत खोचली आणि बाजूला झाली.

तिच्या मागून दादा पुढं आला. कमरेला पट्टा, हातात काठी, आणि सालगड्याच्या डोक्यावर त्या तीन मोळ्या. मोळ्या काट्यावर चढल्या. पोरानं सातबाऱ्यावरचं एवढं मोठं रान बघितलं, मग त्या मोळ्या बघितल्या आणि विचारलं, “मालक, एवढंच?”

दादा म्हणाला, “एवढंच उपटलंय मी.”